सात किलो

वडगावात माग थांबतात रात्री साडेअकराला,
तेव्हा कुठं माझ्या मशीनला सलग वीज मिळते.
बसलिंगप्पा शटर ओढतो, भिंतीवर दोन थापा मारतो,
म्हणजे, घे शट्टू, आता तुझं.

दिवसा उद्यमबागेत मी पंपाची केसिंगं जोडतो,
बिडाची, जाड, चूक पोटात घालणारी.
टिटॅनियम तसं नाही.
ते बोटाचा घामसुद्धा लक्षात ठेवतं.
म्हणून आधी ॲसिटोन, पांढरं फडकं, हातमोजे,
मग पंखा बंद, खिडकीला गोणपाट.
रेणुका म्हणते,
बाळंतिणीची खोली केलासा की घराची.

नळी दुंडाप्पाच्या भंगारातली.
कुठल्या तरी केमिकल कारखान्यातून आलेली,
स्टीलच्या ढिगात, स्टीलच्या भावानं.
कोपऱ्यातल्या ग्राइंडरला जरा टेकवली
तर ठिणग्या पांढऱ्याशुभ्र.
त्याची पाठ होती माझ्याकडं.
मी काही बोललो नाही.
ते एक आहेच.

गाडी मेहुण्याची, गडहिंग्लजची, जुनी एस्टीम.
नंबर एमएच नऊ, पाइप केए बावीस,
कोगनोळीच्या नाक्यावर अडवलं तर काय सांगू, मी विचारलं.
तो म्हणाला, गाडीच्या खाली बघतंय कोण गा?

ही नळी वाकत नाही, चपटी होते.
वळण हवं तर कापून जोडायचं, कळी कळी.
हे रेणुकाला माझ्या आधी कळलं.
तिनं कागद गुंडाळला नळीला,
तिरक्या कापावरनं पेन्सिल फिरवली,
उलगडला तर सरळ काप लाटेसारखा.
परकराला बारा कळ्या घालते मी, हिला किती?
काटकोनाला सहा, म्हटलं.
मग सोप्पं आहे की, म्हणाली, आणि काजं करायला बसली.

नळीच्या पोटातही आर्गॉन सोडायचा,
दोन्ही तोंडं टेपनं बांधून,
एक सुईएवढं भोक ठेवून.
फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घासायचं.
आणि आर्क विझला तरी हात तिथंच,
दूध खाली बसेपर्यंत चुलीपाशी थांबावं, तसा.
सांधा चांदीचा निघाला तर उत्तम.
फिकट सोनेरी चालतो.
निळा आला की गाडीवाली पोरं फोटो काढतात,
आमचा इन्स्पेक्टर कपाळाला हात लावेल.

अकरा रात्री.
चांदी, चांदी, सोनेरी, चांदी,
एकदा शहापुरी लुगड्याच्या काठासारखा जांभळा,
तो कापून टाकला, जीव तुटला.

शेवटच्या सांध्याला सिलिंडर संपला.
काट्यानं सांगितलं नाही, रंगानं सांगितलं.
चुलीतल्या राखेसारखी भुकटी, बोट लावलं तर निघणारी.
नळी उरली नव्हती.
भिंतीपलीकडं पहाटेचा पहिला माग सुरू झाला
आणि दिवा मिचकला.

रविवारी गाडी लावली, सुरू केली.
कुत्री उठली. मेहुणा उड्या मारत होता.
बसलिंगप्पा कान देऊन म्हणाला,
माझ्या तीन नंबरच्या मागासारखा बोलतोय हा, तेल घाल.
मग वजनाचं निघालं.
जुना सायलेन्सर अकरा किलो, हा चार.
सात किलो कुठं गेले मग, त्यानं विचारलं,
खरंच विचारलं, सूत मोजणारा माणूस तो.
मी खांदा चोळत होतो.

जुना दुंडाप्पाकडं नेऊन टाकला.
वजन करू? म्हणाला.
नको, राहू दे तुला.
तो बघत राहिला. मला सांगता आलं असतं तेव्हा.

मेहुणा परवा नाका ओलांडून गेला, कुणी अडवलं नाही.
फोन केला, काय आवाज आहे शट्टूदाजी, म्हणाला.
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात आण एकदा,
मागच्या बाजूचा एक सांधा परत करायचा आहे.
कुठला? मला तर दिसला नाही.
खालच्या अंगाला आहे, म्हटलं.
तू आण.